भाकरीचा भंग

विश्रांतवाडी,
६ जानेवारी २०२५

ती. यज्ञूदादा, सा. न.

आपल्या लॅटिन-मराठी कोशाचा ‘एफ’ खंड गुढीपाडव्याला प्रसिद्ध करायचा, असं मंडळाने नक्की केलं आहे. त्याच सभेत शीर्षकपानाचा मजकूरही मंजूर झाला. ‘संपादक : यज्ञेश्वर मेहेंदळे’, आणि खाली बारीक टाइपात ‘लेखनसाहाय्य : सौ. सुहासिनी काणे’. या वृत्ताला मंडळाचे कार्यवाह अनिरुद्ध यांनी काल आमच्या सोफ्यावर बसून, हातात तिळाचा दुसरा लाडू असताना दुजोरा दिला. मजकूर कोणी सुचवला, असं विचारलं तर त्यांनी तिसरा लाडू घेतला.

मी सरळ लिहिते. या खंडातल्या नोंदी मी लिहिल्या आणि तू तपासल्यास. मग साहाय्य कोणी कोणाला केलं? मला संपादक म्हणून नाव हवं आहे. तुझ्या नावाच्या जागी नको, शेजारी हवं. शाळेतल्या फादरांकडे लॅटिन शिकायला मी तुझ्या आधीपासून जात होते आणि तुझ्या पहिल्या विभक्त्या मीच घोकून घेतल्या, हे मी इतक्या वर्षांत कधी बोलले नाही. आजही बोलत नाहीये, लिहिते आहे.

फोन केला असता, पण मंडळाचा सातवा नियम तुला पाठ आहे : कोशाचं काम फोनवर बोलायचं नाही, पत्राने करायचं, म्हणजे दप्तरी राहतं. आमचा अवधूत टोरांटोहून मला जेवणाचं ताट दाखवतो, ते त्याच क्षणी दिसतं. शनिवार पेठेत काय चाललंय ते कळायला मला पोस्टमनची वाट पाहावी लागते.

सोबत ‘फ्रांगेरे’ची नोंद आहे. रोमन लोकांनी या एका क्रियापदावर फार संसार केला. भांडं, हाड, जहाज, शेतातलं ढेकूळ, जात्यातलं धान्य, तह, दिलेला शब्द, शत्रूची हिंमत, सगळ्याला फ्रांगेरे. उन्हाचा ताव कमी झाला तरी फ्रांगेरे. पाषाणभेद या वनस्पतीच्या लॅटिन नावातही ते आहे, अर्थ तोच, दगड फोडणारी. आपल्याकडे एका शब्दात भागत नाही. भांडं फुटतं, हाड मोडतं, धान्य भरडतात, हिंमत खचते. म्हणून मी बारा मराठी क्रियापदं दिली आहेत आणि अकराव्या नियमाप्रमाणे प्रत्येकाला स्वतःच्या कानांनी ऐकलेलं उदाहरण.

शीर्षकपानाचं आधी कळव, नोंदीचं नंतर.

तुझी,
सुहास

शनिवार पेठ,
११ जानेवारी २०२५

चि. सुहास,
अनेक आशीर्वाद.

तुझी नोंद पोचली. आधी तिच्याबद्दल लिहितो, कारण काम महत्त्वाचं.

कोश म्हणजे मंडई नव्हे. एका शब्दासाठी बारा गाळे मांडून ‘या, हवं ते घ्या’ असं ओरडायचं नसतं. वाचक आपल्याकडे विश्वासाने येतो. (येईल तेव्हा.) त्याला एका लॅटिन शब्दासाठी एक मराठी शब्द द्यावा आणि घरी पाठवावं. मी ‘भंग करणे’ हा शब्द नक्की केला आहे. भारदस्त आहे आणि सगळीकडे चालतो : शांततेचा भंग, हक्काचा भंग, तपाचा भंग. तुझ्या बारांपैकी बहुतेक उदाहरणं स्वयंपाकघरातली आहेत. नारळ काय, भाकरी काय, दाण्यांचं कूट काय! रोमन सेनापतींनी दाणे कुटल्याचं माझ्या वाचनात नाही.

शीर्षकपानाविषयी. अकराव्या नियमानुसार उदाहरणापुढे कंसात ऐकणाऱ्याचं नाव छापतो. या खंडातली जवळजवळ सगळी उदाहरणं तू ऐकलेली आहेत. म्हणजे तुझं नाव त्यात शेकडो वेळा छापलं जाणार आणि माझं एकदाच, तेही पहिल्या पानावर, जे कोणी वाचत नाही. खरं तर तक्रार मी करायला हवी. करत नाही, हा मनाचा मोठेपणा.

नोंद ‘भंग करणे’ घालून, बाकीचं गाळून परत पाठव. गुडघे कसे आहेत?

तुझा,
यज्ञेश्वर

विश्रांतवाडी,
१७ जानेवारी २०२५

माननीय प्रमुख संपादक,
लॅटिन-मराठी कोश मंडळ,
स. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. आपल्या सूचनेची मी प्रत्यक्ष चाचणी घेतली, तिचा वृत्तांत देते.

शेजारच्या मुक्ताई आणि त्यांचे यजमान नागोराव हे मूळचे यवतमाळकडचे, मुलाच्या नोकरीमुळे इथे आलेले. काल त्यांच्याकडे ज्वारीची भाकरी आणि झुणका होता. मी ताटावर बसून म्हटलं, “मुक्ताई, मी आता या भाकरीचा भंग करते.”

मुक्ताईंचा हात तव्यावरच थांबला. “काहून व काकू? तिनं काय तप मांडलं होतं?”

नागोराव म्हणाले, “भंग झाला म्हंजे पोलीस येतीन का मंग? आधी जेवून तं घ्या.”

मग मी भाकरी मोडली आणि जेवले. झुणका उत्तम होता.

आता माझ्या नावाविषयी. शेकडो ठिकाणी छापलं जाणार म्हणता. कुठे? ‘दूध नासलं’च्या पुढे, ‘फणस चिरला’च्या पुढे. पंगतीत वाढणारीला सगळ्यांनी पाहिलेलं असतं, तरी आमंत्रणपत्रिकेवर तिचं नाव नसतं. मला पत्रिकेवर नाव हवं आहे.

ते मिळेपर्यंत लेखनसाहाय्य करणारीने साहाय्य थांबवलं आहे. फ्रांगेरेपासून पुढच्या नोंदींची कार्डं माझ्या कपाटात सुखरूप आहेत. आपणांस ‘भंग करणे’ छापायचं असल्यास अकराव्या नियमाप्रमाणे त्याचं उदाहरण लागेल : जिवंत माणसाच्या तोंडचं, आपण स्वतः ऐकलेलं. तेव्हा कान घेऊन घराबाहेर पडावं. गुडघे ठीक आहेत.

कळावे,
सुहासिनी काणे

शनिवार पेठ,
२७ जानेवारी २०२५

सौ. सुहासिनीबाई काणे यांस,

तुमचा राजीनामा मिळाला. तो फेटाळण्यात येत आहे, कारण लेखनसाहाय्य हे पद नसून मदत आहे आणि मदतीचा राजीनामा देण्याची तरतूद नाही.

मी बाहेर पडलो आहे. रोज सकाळी आणि संध्याकाळी, वही घेऊन. कोणी काही मोडताना दिसलं की जवळ जाऊन उभा राहतो. एकंदरीत पुणेकर पुष्कळ मोडतात, पण बोलत नाहीत. अमृततुल्यात एक कपबशी पडली. मी वही उघडली. मालकाने पोऱ्याकडे नुसतं पाहिलं. पाहण्याला उदाहरण म्हणता येत नाही. रस्त्यात एका तरुणाचा मोबाइल पडला, तो म्हणाला, “शिट, स्क्रीन गेली.” बागेत बाकावर एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती, “आमचं ब्रेकअप झालं.” मी विचारलं, “मराठीत काय म्हणाल?” त्या उठून दुसऱ्या बाकावर गेल्या. ती लग्नाची बोलणी होती की नुसतीच ओळख, हे विचारायचं राहिलं. पूर्वी लग्नं मोडत, संप फुटत, मैत्री तुटे. आता सगळं ‘होतं’.

चौकात मात्र हवालदार एकाला म्हणाला, “सिग्नल तोडलास.” तो गृहस्थ म्हणाला, “तोडला नाही, पिवळा होता.” शुद्ध मराठी, दोन्ही बाजूंनी. पण यात ‘भंग’ नाही. ग्रंथालयात ‘शांततेचा भंग करू नये’ अशी पाटी आहे. मी ग्रंथपालांना ती मोठ्याने वाचून दाखवण्याची विनंती केली. त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं.

उद्यापासून मंडईत जाणार. तिथे माणसं अजून बोलतात. भंग मिळेल.

यज्ञेश्वर मेहेंदळे

(पोस्टकार्ड)

विश्रांतवाडी,
८ फेब्रुवारी २०२५

श्री. मेहेंदळे यांस,

आपल्याकडून पत्र नाही. समजलं. अबोला धरला की समोरची बाई वरमते, हा आपला जुना हिशेब. शाळेत असताना माझ्याकडून लॅटिनची चतुर्थी विभक्ती चुकली होती, तेव्हाही आपण आठवडाभर बोलला नव्हता. नंतर चुकली नव्हती असं निघालं.

मी वरमणार नाही. पाडवा येतो आहे. कार्डं कपाटात आहेत.

सु. काणे

शनिवार पेठ,
१४ फेब्रुवारी २०२५

सौ. सुहास हिस,

हे पत्र मी सांगतो आहे आणि आमची वल्लरी लिहिते आहे. (सुहासआजी, मी वल्लरी. आजोबा म्हणतात, शब्दन् शब्द लिही. मधलं कंसातलं माझं आहे, ते त्यांना वाचून दाखवणार नाहीये.)

अबोला धरलेला नाही. मंडईत संशोधन चालू असताना किरकोळ अडथळा आला, म्हणून उशीर झाला. (उजवं मनगट फ्रॅक्चर आहे. प्लास्टर कोपरापर्यंत. एक नवरा-बायको नारळावरून भांडत होते, आजोबा त्यांच्या डाव्या बाजूने उलटे चालत होते, कारण त्यांचा चांगला कान डावा आहे. मागे कांद्याची पोती होती.)

घटनेतलं महत्त्वाचं असं. मी पडलो तेव्हा आजूबाजूच्या सर्वांनी, कोणीही न सुचवता, एकच वाक्य उच्चारलं : “आजोबांचा हात मोडला!” कोणी ‘भंगला’ म्हणालं नाही. मी पडल्या जागेवरून विचारलंसुद्धा. (हो. विचारलं. एक भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, “डोक्यालापण लागलंय ह्यांच्या.”) दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ‘फ्रॅक्चर’, जो फ्रांगेरेवरूनच आलेला शब्द. म्हणजे जमिनीवर मराठी आणि टेबलावर फ्रांगेरे. एकाच हाडाने एका सकाळी दोन्ही भाषा ऐकवल्या. हे कोणाही कोशकाराच्या वाट्याला सहसा येत नाही. (सुहासआजी, ते खरंच खूश आहेत. एक्स-रे काचेवर चिकटवून ठेवलाय आणि येणाऱ्याला दाखवतायत.)

तेव्हा नोंदीत ‘हाड मोडणे’ राहू द्यावं, असं माझं मत झालं आहे. बाकी अकरा क्रियापदांचा विचार होऊ शकेल. शीर्षकपान मंजूर झालेलं असल्याने तो विषय संपला आहे. (संपलेला नाहीये. चौदाव्या नियमाप्रमाणे छपाईला जाणाऱ्या प्रत्येक पानावर संपादकाची शाईने सही लागते म्हणे. उजवा हात प्लास्टरमध्ये. मी म्हटलं, मग सुहासआजींना संपादक करा, त्या करतील, सिंपल आहे. तर रोज सकाळी डाव्या हाताने सही गिरवायला बसतात. माझ्या लहानपणीची पाटी काढली आहे. मला रोज ब्रेकफास्टला त्या सह्या बघून मार्क द्यावे लागतात. काल दहापैकी तीन दिले तर पोहे अर्धे ठेवून उठले.)

कार्डं पाठवावीत.

यज्ञेश्वर मेहेंदळे यांचे सांगण्यावरून,
वल्लरी

विश्रांतवाडी,
२१ फेब्रुवारी २०२५

ती. यज्ञूदादा,

पोस्टकार्डाबद्दल वाईट वाटलं. चतुर्थीबद्दल नाही.

हात गळ्यात बांधलेला ठेव. उशी घेऊन नीज. हे कोशाचं काम नाही म्हणून फोनवर विचारता आलं असतं. केला होता, तर तू म्हणालास, “कशामुळे पडलो ते सांगितलं तर कोशाचा विषय निघेल,” आणि ठेवून दिलास. तेव्हा लिहिते. मुक्ताईंनी तुझ्यासाठी डिंकाचे लाडू दिले आहेत, अनिरुद्धजवळ पाठवते आहे. डबा मोजूनमापून भरला नाही, वाटेत कमी होणार हे धरलं आहे.

फ्रांगेरेची कार्डंही त्याच पिशवीत आहेत, कारण ‘हाड मोडणे’ला तुझ्याहून चांगलं उदाहरण मला आयुष्यात मिळणार नाही. कार्ड असं केलं आहे : ‘आजोबांचा हात मोडला! (मंडई, य. मेहेंदळे)’. ऐकणारा तू, पडणारा तू, श्रेयही तुझं. माझ्या बारा उदाहरणांत हे तेरावं. बघ, शेजारी नाव छापायला मला काही त्रास झाला नाही.

लॅटिनमध्ये फ्रांगेरेचा एक अर्थ तू खोडला होतास, तो परत घातला आहे. दिवस कसातरी ढकलून संपवणं, यालाही रोमन लोक फ्रांगेरे म्हणत. आपण ‘दिवस मोडला’ म्हणतो, पण हळहळून. ते मद्य पिऊन म्हणत. तू पाटीवर सही गिरवत रोज सकाळ घालवतोस म्हणे. ते दोन्हींत बसत नाही.

पुढची कार्डं कपाटात आहेत. ती माझ्या नावाबरोबर निघतील. हे रागाने लिहीत नाही. आता मला राग नाही, म्हणूनच मी बदलणारही नाही. मी गेल्यावर वल्लरीसारखी एखादी मुलगी हा खंड उघडेल आणि तिला वाटेल, बायका यात मदतीपुरत्या होत्या. ते खोटं आहे, आणि कोशात खोटं छापायचं नाही हा तर पहिलाच नियम आहे.

सुहास

शनिवार पेठ
६ मार्च

सुहास,

हे डाव्या हाताने. म्हणून थोडक्यात.

लाडू पोचले. निम्मे.

काल अनिरुद्ध ‘फ्रांगेरे’पर्यंतच्या पानांची मुद्रितं घेऊन आला. मी पहिल्या पानावर सही केली. चांगली आली होती. वल्लरीने आठ मार्क दिले होते. अनिरुद्धने दप्तर उघडलं. जुन्या सहीशी ताडून पाहिली. म्हणाला, जुळत नाही. मी म्हटलं, मी समोर बसलो आहे. तो म्हणाला, आपण दिसताय, पण सही दिसत नाही. नियम मीच केला आहे.

छापखाना थांबायला तयार नाही. दुसरा संपादक लागेल.

शीर्षकपान नव्याने जुळवायला सांगितलं आहे. ‘संपादक : यज्ञेश्वर मेहेंदळे, सुहासिनी काणे’. एकाच मापाच्या टाइपात. ‘सौ.’ काढलं आहे, माझ्यामागे ‘श्री.’ नाही म्हणून. माझं नाव आधी आहे ते वयाने किंवा मानाने नव्हे. अकारविल्हे. ‘य’ आधी, ‘स’ नंतर. माझा इलाज नाही.

बाराही क्रियापदं ठेवली आहेत. भाकरी मोडलेली आहे. भंग गाळला.

रविवारी सकाळी अनिरुद्ध मुद्रितं घेऊन तुझ्याकडे येईल. शाई काळी.

यज्ञू

विश्रांतवाडी,
१० मार्च २०२५

प्रिय यज्ञूदादा,

तुझं पत्र मिळताच कपाटातली राहिलेली कार्डं मी छापखान्यात पोचवली, आणि काल अनिरुद्ध सगळी मुद्रितं घेऊन आले. सकाळी बसले ते दिवेलागणीला उठले. मी सही करत होते आणि ते शाई वाळायला वर्तमानपत्राने वारा घालत होते. मुक्ताई दोनदा चहा घेऊन आल्या. दुसऱ्यांदा त्यांनी फ्रांगेरेचं पान उचलून भाकरीची ओळ शोधली, मोठ्याने वाचली आणि नागोरावांना हाक मारली : “पाह्यलं का जी, आपली भाकर पुस्तकात गेली!” नागोराव म्हणाले, “झुणका कुठी हाय?” झुणक्याला लॅटिन नाही, असं मी सांगितलं. त्यांना रोमन लोकांची दया आली.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा अक्षर लावायला, एकदा मजकुरासाठी. तुझ्या उजव्या हाताने मला आजवर इतकी चांगली बातमी कधी लिहिली नाही. टाइप एका मापाचा आहे, मी पट्टी लावून पाहिली. ‘सौ.’बद्दल आभार.

आता अकारविल्ह्याविषयी. ‘य’ आधी आणि ‘स’ नंतर, यात वाद नाही. पण माणसांची नावं लावायची कशी, याला आपल्याकडे तिसरा नियम आहे : ‘व्यक्तिनामे आडनावाच्या क्रमाने लावावीत.’ मसुदा तुझाच, दप्तरात तुझ्या उजव्या हाताचा, सही जुळते. काणे आणि मेहेंदळे. ‘क’ कुठे येतो आणि ‘म’ कुठे, हे तुला मी कशाला सांगू? वयाने किंवा मानाने नव्हे. माझाही इलाज नाही.

म्हणून मी शेवटच्या पानापासून उलट्या क्रमाने सह्या करत आले आणि दुसऱ्या पानावर थांबले. पहिलं पान कोरं आहे.

वल्लरी म्हणते, अठरा तारखेला तुझं प्लास्टर निघणार. एकोणीसला अनिरुद्ध नवं पहिलं पान घेऊन आधी तुझ्याकडे येतील. त्यावर तू उजव्या हाताने सही कर, दुखलं तर हळू कर. मग ते माझ्याकडे येतील आणि मी तुझ्या शेजारी करीन. खंड पाडव्याला निघेल, असं छापखान्याने कळवलं आहे.

तोवर मी ‘जी’ची कार्डं काढून ठेवते. पहिल्याच गठ्ठ्यात आनंद होण्याचं क्रियापद आहे. त्याची ऐकीव उदाहरणं माझ्याकडे कमी आहेत. एकोणीसला तू जे काही म्हणशील, ते अनिरुद्धना नीट ऐकून यायला सांगितलं आहे.

तुझी,
सुहासिनी काणे
संपादक